चिखलोलीच्या पावसात कोणता डोम कॅमेरा टिकेल? इनडोअर की आउटडोअर, असं ठरवा

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सीसीटीव्हीचं कोटेशन येतं. बाबा चष्मा कपाळावर सरकवून फोन तुमच्या हातात देतात. "अरे, तुला मोबाइलमधलं सगळं कळतं ना, मग हे जरा बघ." कोटेशनमध्ये दोन ओळी असतात. एक इनडोअर डोम, दुसरा आउटडोअर डोम. फोटोत दोघंही सारखेच, उपड्या वाटीसारखे. किमतीत मात्र दुपटीचा किंवा त्याहून जास्त फरक. मग कुणीतरी ग्रुपवर लिहितं, "सगळे इनडोअरच घ्या, पैसे वाचतील." त्याला पाच अंगठे मिळतात आणि विषय संपतो.

आमच्या चिखलोलीच्या इमारतीत नेमकं हेच झालं होतं. पार्किंगमध्ये कॅमेरे लावायचे होते. वर स्लॅब आहे, पाऊस थेट लागत नाही, म्हणून इनडोअर डोम बसले. पहिला पावसाळा ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या एका रात्री एक बाइक चोरीला गेली. सकाळी सगळे डीव्हीआरसमोर जमलो. स्क्रीनवर पांढरं धुकं आणि त्यातून बाइक ढकलत नेणारी एक आकृती. उंची कळत नव्हती, चेहरा तर सोडाच.

त्या वेळी ड्युटीवर असलेले वॉचमन काका सांगत होते की ते मागे पाण्याचा पंप बंद करायला गेले होते. खरं असेल. पण ते दाखवणारं फुटेज नव्हतं. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही, फक्त जाता-येता लोक त्यांच्याशी कमी बोलू लागले. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. बाइकवाल्याला विम्याचे पैसे मिळाले. काकांचं गेलं ते कुठल्याच विम्यात बसत नव्हतं.

म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. कोटेशन तुमच्या हातात आलंय, तर उत्तरही तुम्हीच देऊ शकता.

आधी डोम म्हणजे काय ते बघू

छताला किंवा भिंतीला चिकटलेला, पारदर्शक किंवा किंचित काळसर घुमट असलेला कॅमेरा म्हणजे डोम. लांबट नळीसारखा असतो तो बुलेट. डोमचे दोन मोठे फायदे आहेत. घुमटाच्या आत लेन्स कुठल्या दिशेला वळलीय, हे खालून सहज कळत नाही. दुसरं, तो पृष्ठभागाला चिकटून बसतो, त्यामुळे हाताने पकडून फिरवता येत नाही. बुलेटला काठीने ढकललं की तो आकाशाकडे बघायला लागतो. डोमचं तसं होत नाही.

बाजारात एक तिसरा प्रकारही दिसतो, टरेट. त्यात डोळ्याच्या बुबुळासारखा गोळा असतो आणि पुढे घुमट नसतो. त्याच्याकडे पुढे येऊच. आणि घरात टेबलावर ठेवतात तो गोल फिरणारा वाय-फाय कॅमेरा? तो दिसायला गोल असला तरी या गटातला नाही. तो जवळजवळ नेहमी फक्त घरातल्या वापरासाठीच बनलेला असतो. बाल्कनीच्या ग्रिलला बांधून त्याला पावसाळा दाखवू नका.

आत काय वेगळं असतं?

इनडोअर डोमचं आवरण बहुतेक वेळा प्लास्टिकचं असतं. घुमट नुसता फिरवून किंवा दाबून बसवलेला असतो, सांध्यात रबराची सीलिंग रिंग नसते. केबल आत जाते ते छिद्र उघडंच असतं. खोलीत याने काही बिघडत नाही. उलट असा कॅमेरा हलका, छोटा आणि छताला शोभून दिसणारा असतो. काहींत माइकही असतो.

आउटडोअर, त्यातही दणकट डोमचं आवरण धातूचं असतं. घुमट जाड पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे हेल्मेटच्या काचेसाठी वापरतात त्या जातीच्या प्लास्टिकचा. घुमट आणि आवरणाच्या मध्ये रबरी रिंग असते. स्क्रू साध्या पेचकसाने न उघडणारे, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे असतात. केबलच्या तोंडाशी पाणी अडवणारी ग्रंथी असते. तापमानाची मर्यादाही मोठी असते. इनडोअर मॉडेलच्या माहितीपत्रकात कमाल तापमान ४० किंवा ५० अंश लिहिलेलं असतं, आउटडोअरमध्ये बहुधा ६०. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडखाली, उन्हात तापलेल्या आवरणाच्या आत त्याहून कितीतरी जास्त गरम होतं. म्हणजे कागदावर ४० अंशांची मर्यादा असलेला कॅमेरा आपल्याकडे पावसाच्या आधी उन्हाळ्यातच हार मानू शकतो.

आयपी आकडा: हा तुम्हाला आधीच माहितीय

नवा फोन घेताना बॉक्सवर 'आयपी ६८' वाचलंय ना? कॅमेऱ्यावरचा आयपी आकडा तोच. ही आयईसी ६०५२९ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकातली पद्धत आहे. दोन आकडे वेगवेगळे वाचायचे.

पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. चिखलोलीत याला कमी लेखू नका. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या या पट्ट्यात एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींची कामं, त्यात चिखलोली रेल्वे स्थानकाचं काम. आठ दिवस न पुसलेल्या बाइकच्या सीटवर बोट फिरवा, मग कळेल कॅमेऱ्यावर काय बसत असेल.

दुसरा आकडा पाण्याचा.

- ५ म्हणजे कुठल्याही दिशेने आलेली पाण्याची धार सहन होते.
- ६ म्हणजे जोरदार धार. चाचणीत साडेबारा मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटर पाणी निदान तीन मिनिटं मारतात.
- ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास.

यात एक गंमत आहे. सात हा सहापेक्षा मोठा आकडा असला तरी आयपी ६७ मिळालेली वस्तू आयपी ६६ ची चाचणी पास झालीच असेल असं नाही. शांत पाण्यात बुडणं आणि धारेचा मारा खाणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅमेऱ्याला बुडायचं नसतं, वाऱ्यासोबत आडवा येणारा पाऊस झेलायचा असतो. म्हणून गेटवर निदान आयपी ६६ हवा. दोन्ही आकडे छापलेले असतील तर उत्तमच.

कोटेशनमध्ये नुसतं 'वेदरप्रूफ' किंवा 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. मॉडेल नंबर मागा, फोनवर कंपनीचं माहितीपत्रक उघडा आणि आकडा शोधा. तिथे आयपीची ओळच नसेल तर तो इनडोअर कॅमेरा आहे असं समजा, विकणारा काहीही म्हणो.

आयके आकडा: दगड, काठी आणि क्रिकेटचा बॉल

हा आकडा फोनच्या बॉक्सवर सहसा दिसत नाही, म्हणून बहुतेकांना ठाऊक नसतो. आयईसी ६२२६२ या मानकात आवरण किती जोराचा धक्का सहन करतं ते सांगतात. आयके ०८ म्हणजे ५ जूल, साधारण १.७ किलोचं वजन ३० सेंटिमीटरवरून पडल्याइतका धक्का. आयके १० म्हणजे २० जूल, ५ किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून पडल्याइतका. म्हणजे चौपट.

आयपी आणि आयके एकमेकांवर अवलंबून नसतात. पाण्याला पक्का असलेला कॅमेरा काठीच्या एका फटक्यात फुटू शकतो. लिफ्टमधल्या कॅमेऱ्यावर पाऊस पडत नाही, पण तो हाताच्या अंतरावर असतो. म्हणून विचार असा करा: कॅमेरा खालून हाताला किंवा काठीला लागतो का? मुलं खाली क्रिकेट खेळतात का? उत्तर हो असेल तर आयके १०. तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर असेल तर हा खर्च टाळता येतो.

छत आहे म्हणजे इनडोअर, असं नाही

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आम्हीही केली. आपल्या इमारतींमध्ये ना धड आत ना धड बाहेर अशा जागाच जास्त असतात. स्टिल्ट पार्किंग, उघडा जिना, जाळीचा पॅसेज, दुकानापुढची शेड. तिथे पाऊस डोक्यावर पडत नाही, पण जूनपासून चार महिने हवाच ओली असते. रात्री कॅमेऱ्याचं आवरण थंड झालं की आत शिरलेल्या दमट हवेचं पाणी घुमटाला आतून चिकटतं. अगदी फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं, फक्त उलट्या बाजूने. बाहेरून कितीही पुसा, जात नाही.

म्हणून जागा ठरवताना छत बघू नका. तीन प्रश्न विचारा. तिथे भिंत पावसाळ्यात ओली होते का? दुपारी थेट ऊन येतं का? हात पोचतो का? आता आपल्या नेहमीच्या जागा बघू.

- घरातला हॉल, ऑफिसची खोली, दुकानाचा काउंटर: इनडोअर डोम पुरे. इथे दणकट कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका.
- लिफ्ट: पाण्यापासून सुरक्षित, पण हातापासून नाही. छोटा, रुंद दृश्य देणारा आयके १० डोम.
- चारही बाजूंनी बंद लॉबी: इनडोअर चालेल. पण दाराकडे तोंड असेल तर डब्ल्यूडीआर हवाच. नाहीतर दिवसा बाहेरच्या उजेडामुळे आत येणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो. १२० डीबीचा खरा डब्ल्यूडीआर शोधा, 'डिजिटल डब्ल्यूडीआर'वर जाऊ नका.
- उघडा जिना, जाळीचा पॅसेज: आउटडोअर. जिन्यात हात पोचतो, म्हणून आयके १० सुद्धा.
- स्टिल्ट पार्किंग: आउटडोअर, आयपी ६६ किंवा ६७ आणि आयके १०. बीम खाली असतात, गाड्या धुतात, मुलं खेळतात.
- गेट, कंपाउंडची भिंत, गच्ची: आउटडोअर. याबद्दल वाद नको.
- एमआयडीसीतला गाळा: रसायनांच्या वाफा असतील तर साधे स्क्रू आणि स्वस्त धातूचा ब्रॅकेट लवकर गंजतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागा. ज्वलनशील वायू किंवा द्रव असलेल्या भागात साधा आउटडोअर कॅमेराही चालत नाही. तिथे स्फोटरोधक प्रमाणपत्राचा वेगळा कॅमेरा लागतो आणि तो निर्णय कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा.

मग सगळीकडेच आउटडोअर लावले तर? चालतील, पण पैसे जास्त जातात. शिवाय छोट्या खोलीत लांब पल्ल्याचा इन्फ्रारेड प्रकाश जवळच्या चेहऱ्यावर पडून चेहरा पांढराफटक दिसू शकतो.

रात्रीचं पांढरं धुकं कुठून येतं?

अंधारात कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, सेन्सरला दिसतो. डोममध्ये हे दिवे घुमटाच्या आतच असतात. घुमटावर धूळ, ओरखडा, तेलकट बोटांचे ठसे किंवा थेंब असले की प्रकाश तिथूनच परत फिरतो आणि थेट लेन्समध्ये शिरतो. पावसात बाइकचा हेडलाइट लावल्यावर हेल्मेटच्या ओल्या काचेतून जसं दिसतं, तसंच. आमच्या फुटेजमधलं धुकं हेच होतं. कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंग चालू होतं, दिसत मात्र काहीच नव्हतं.

यावर उपाय आहेत. लेन्सभोवतीची काळी मऊ रिंग घुमटाला आतून नीट टेकलेली असली पाहिजे, म्हणजे दिव्यांचा प्रकाश लेन्सकडे गळत नाही. बसवताना ती तिरकी राहिली तर नवाकोरा कॅमेराही धुकट दिसतो. दुसरं, महिन्यातून एकदा घुमट ओल्या मायक्रोफायबर कपड्याने पुसा. थिनर, अॅसिटोन किंवा अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड वापरू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात. तिसरं, कोळी. त्यांना ही जागा फार आवडते, कारण उजेडाकडे किडे येतात. लेन्ससमोर एक जाळं असलं की रात्रभर पांढरी दोरी हलताना दिसते.

आणि इथे टरेट कामाला येतो. त्यात दिव्यांसमोर आणि लेन्ससमोर एकच घुमट नसतो, म्हणून ही प्रकाश परतण्याची भानगड बरीच कमी. हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, अंधाऱ्या जागी टरेट हा चांगला पर्याय आहे. हात पोचत असेल तर दणकट डोमच बरा, कारण टरेटचा गोळा जोर लावून फिरवता येतो.

एक सोपी चाचणी: रात्री तुमच्या फोनचा सेल्फी कॅमेरा डोमकडे धरा. बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे जांभळट-पांढरे चमकताना दिसतात. काही दिवे लागलेले आणि काही बंद दिसले तर कॅमेऱ्याची रात्रीची नजर अधू झालीय.

चेहरा ओळखू येणार का? गणित करून बघा

'पाच मेगापिक्सेल आहे, झूम केलं की दिसेल' असं सांगतात. फोनने ग्रुप फोटो काढा आणि मागच्या रांगेतल्याचा चेहरा झूम करा. काय होतं माहितीय ना? इथेही तेच.

आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी माप दिलेलं आहे. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटायला दृश्यातल्या प्रत्येक मीटर रुंदीला २५० पिक्सेल हवेत. ओळखीचा माणूस 'हा तोच' म्हणून कळायला १२५. नुसतं 'कुणीतरी आहे' एवढं कळायला २५.

२ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. १९२० भागिले २५० म्हणजे साधारण ७.७ मीटर. दृश्य याहून रुंद झालं की अनोळखी चेहऱ्याची खात्री गेली. कोटेशनमध्ये नेहमी असणारी २.८ एमएमची लेन्स १०० अंशांहून थोडं जास्त दाखवते, त्यामुळे तिच्यासमोर फक्त ३ मीटर अंतरावरच दृश्य इतकं रुंद होतं. ६ एमएमची लेन्स अरुंद, ५०-५५ अंशांची, पण तिच्यात हेच अंतर साडेसात-आठ मीटरपर्यंत जातं.

म्हणून एकाच कॅमेऱ्याकडून सगळं मागू नका. पार्किंगभर नजर ठेवायला एक रुंद कॅमेरा आणि प्रत्येकाला जिथून जावंच लागतं त्या गेटवर चेहऱ्याच्या दिशेने एक अरुंद लेन्सचा कॅमेरा. तोही फार उंच नको. पंधरा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात डोक्यांचे भांग आणि टोप्या छान दिसतात, चेहरे नाही.

कॅमेरा पक्का, बसवणं कच्चं

आयपी ६७ चा कॅमेरा पहिल्याच पावसात गेला, असं ऐकलं की कंपनीला शिव्या देण्याआधी मागची केबल बघा. आयपीचा आकडा नीट बंद केलेल्या कॅमेऱ्याचा असतो. त्यातून बाहेर आलेल्या वायरची टोकं त्यात धरलेली नसतात. ती टोकं प्लास्टिकच्या टेपने गुंडाळून भिंतीवर लटकवली की पाणी त्यातूनच शिरतं. बसवणाऱ्याकडून या गोष्टी करून घ्या.

- कॅमेऱ्यामागे वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स हवा. सगळे जोड त्याच्या आत.
- केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा. केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आत जात नाही.
- घुमट लावताना रबरी रिंग चिमटलेली नाही ना, ते बघायचं. सगळे स्क्रू सारखे आवळायचे.
- आत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी असेल तर ती फेकायची नाही. कॅमेरा उघडला तर नवी टाकायची.
- शक्यतो कोरड्या दिवशी बसवायचं. भर पावसात घुमट बंद केला तर ओली हवा आतच अडकते आणि मग पक्कं सीलच आपल्यावर उलटतं.

डोम वाचला, डीव्हीआर बुडाला

२६ जुलै २००५ चा पूर घरातल्या मोठ्यांना विचारा. तुम्हाला आठवेल तो २०१९ चा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या या मुलखात तळमजला ही भरवशाची जागा नाही.

आणि आपण डीव्हीआर कुठे ठेवतो? वॉचमनच्या केबिनमध्ये, टेबलाखाली. छताला लावलेला आयपी ६७ डोम पुरातून वाचेल, पण फुटेज ज्या हार्ड डिस्कवर आहे ती पहिल्या दोन फुटांतच जाईल. डीव्हीआर पहिल्या मजल्यावर किंवा वर, कुलूपबंद पेटीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा. त्याला छोटा यूपीएस द्या. विजेचा शटडाऊन असताना कॅमेरे बंद, हे चोरालाही कळतं. नेटवर्क कॅमेरे असतील तर पीओई स्विच घ्या. एकाच केबलमधून वीज आणि डेटा १०० मीटरपर्यंत जातो, आणि स्विचला यूपीएस दिला की त्यावरचे सगळे कॅमेरे चालू राहतात.

किती दिवसांचं फुटेज राहतं, तेही मोजा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीत सेकंदाला साधारण २ मेगाबिट वापरतो असं धरलं, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबी. म्हणजे १ टीबी डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. गावाला जाऊन तीन आठवड्यांनी परतलात तर मधलं फुटेज पुसलेलं असेल. २ टीबी घ्या, आणि साधी कॉम्प्युटरची डिस्क न घेता सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली सर्व्हेलन्स डिस्क घ्या.

काही घडलंच तर स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ ग्रुपवर फिरवून थांबू नका. डीव्हीआरमधून मूळ फाइल काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. व्हॉट्सअॅपवर दाबून लहान झालेली क्लिप त्या कामी कमी पडते.

नोंदणी आणि पासवर्ड

एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्यांसह बीआयएस नोंदणी सक्तीची झाली आहे. म्हणून खूप स्वस्तातला जुना साठा कुणी देत असेल तर बीआयएसचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' अॅपवर तो तपासता येतो.

दुसरं, पासवर्ड. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. युक्ती साधी होती, कंपनीचे ठरावीक पासवर्ड टाकून बघायचे. बसवणारा माणूस जाण्याआधी पासवर्ड बदला आणि तो वॉचमनच्या टेबलाच्या काचेखाली ठेवू नका. कॅमेरा कुणाच्या घराच्या दारात किंवा खिडकीत डोकावत नाही ना, हेही तेव्हाच फोनवर तपासा.

कोटेशनवर हे प्रश्न विचारा

पुढच्या वेळी बाबांनी फोन हातात दिला की ग्रुपवर एवढं लिहा:

१. प्रत्येक कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर काय? आयपी आणि आयके किती?
२. कुठला कॅमेरा कुठे लागणार? जागेची यादी द्या.
३. गेटवरची लेन्स किती एमएमची? किती मीटरवर चेहरा ओळखू येईल?
४. जंक्शन बॉक्स, यूपीएस आणि डिस्क किमतीत आहे का?
५. डीव्हीआर कुठल्या मजल्यावर?
६. बसवल्यावर रात्री गेटवर उभं राहून चाचणी दाखवाल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दिवसा सगळेच कॅमेरे छान दिसतात. पैसे रात्रीचं चित्र बघून द्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या घटनेनंतर राज्य शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले. तेव्हापासून आपल्या भागात कॅमेऱ्यांची संख्या सगळेच मोजतात. पण भिंतीवर किती डोम आहेत यापेक्षा पावसातल्या रात्री त्यातल्या किती डोममध्ये चेहरा दिसतो, हे मोजलं पाहिजे.

आमच्या पार्किंगमध्ये आता आयपी ६७, आयके १० चे दोन डोम आहेत, गेटवर ६ एमएमचा एक आणि मागे पंपाच्या खोलीच्या दारावर एक. लॉबीत जुनाच इनडोअर डोम ठेवलाय, तिथे तो मस्त चालतो. पंपाकडचा कॅमेरा लावायचं ठरलं तेव्हा मीटिंगमध्ये एकाने विचारलं, "तिथे काय चोरीला जाणार?" कुणी काही बोललं नाही. कॅमेरा तिथे का हवा होता, ते सगळ्यांना माहीत होतं.